शुक्रवारी घर बघायचं नाही

भिवंडीतल्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात कुणी घर घेतोय म्हणालं की लोक आधी अभिनंदन करत नसत. आधी विचारत, "प्रमिलाताईंना दाखवलंस का?" नाही म्हटलं की समोरचा माणूस अभिनंदनाचा हात मागे घेई.

प्रमिला गायकवाड आमच्याकडे परीक्षा विभागात सीनिअर क्लार्क होत्या. उंचीने बेताच्या, अंगाने भरलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा. कायम सुती साडी आणि त्या साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज. साडीवर बूट का, असं कुणी नवीन माणसाने विचारलं तर म्हणत, "जिने चढायचे असतात. घरं काय चपलेवर बघता येतात?" ऑफिसात त्या अगदी छापील मराठी बोलत. पण मूळच्या भिवंडी तालुक्यातल्याच एका खेड्यातल्या, त्यामुळे आनंद झाला किंवा राग आला की गावची बोली बाहेर येई. त्यांच्या तोंडून 'हाय' आणि 'न्हाय' ऐकू आलं की समजायचं, आता ताई ऑफिसात नाहीत, स्वतःत आहेत.

त्यांचा हा घरं बघण्याचा उद्योग कधी सुरू झाला, कुणाला माहीत नव्हतं. मी नोकरीला लागले तेव्हा तो भरात होता. आठवडाभर परीक्षेची हॉलतिकिटं आणि रविवारी दुसऱ्यांची घरं. पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. चहासुद्धा त्या विकणाऱ्याच्या घरचा घेत नसत, कोपऱ्यावरच्या टपरीवर घेत. ते काटकसरीपायी नव्हतं. टपरीवाल्याला बिल्डिंगची सगळी खबर असते आणि कप हातात असलेल्या बाईशी तो मोकळेपणाने बोलतो, असं त्यांचं म्हणणं होतं. "पाणी किती वाजता येतं ते सेक्रेटरी सांगेल. पण ते चौथ्या मजल्यावर चढतं का, ते टपरीवालाच सांगेल."

घरात शिरल्यावर त्या काय करत, ते बघण्यासारखं असे. बाकी माणसं खिडकीतून बाहेर बघतात, भिंतींचा रंग बघतात. या पहिल्यांदा स्वयंपाकघरात जात, ओट्यासमोर उभ्या राहत आणि हवेत पोळ्या लाटायला लागत. लाटणं नाही, पोळपाट नाही, पण दोन्ही कोपर असे काही हलत की तवा कुठे आहे तेसुद्धा आपल्याला दिसायला लागे. मग डावीकडे वळून न दिसणारी पोळी टाकत, उजवीकडे वळून न दिसणाऱ्या डब्यात हात घालत. कोपर भिंतीला लागला की थांबत. "इथे रोज कोपर फुटणार," असं एजंटकडे बघून शांतपणे म्हणत. एजंट बिचारा म्हणे, "मॅडम, किचन तो अच्छा है।" त्या म्हणत, "अच्छा है, लेकिन खाना कौन बनाएगा? आप?"

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती मी आणि नितीन घर शोधायला लागलो तेव्हा. नितीन म्हणजे माझा नवरा, शाळेत गणित शिकवतो. आम्ही निजामपुऱ्याजवळ सासूबाई आणि दिराबरोबर दोन खोल्यांत राहत होतो, त्यात दिराचं लग्न ठरलं. भांडण नव्हतं, उलट सगळे एकमेकांना इतकं सांभाळून घेत होते की श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. ठरलं असं की आम्ही वेगळं घर घ्यायचं आणि सासूबाईंनी आमच्याकडे यायचं, कारण त्यांना धाकट्याच्या लग्नानंतर घरात गडबड नको होती.

एजंटने नारपोलीत एक फ्लॅट दाखवला. तिसरा मजला, मोठी खिडकी, संध्याकाळचं ऊन आणि वारा. शांत तर इतका की नितीन खिडकीत उभा राहून म्हणाला, "मेघना, इथे वह्या तपासायला काय मजा येईल." आम्ही सोमवारी टोकन द्यायचं कबूल करून आलो.

सोमवारी डबा खाताना मी ताईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "बघितलंत कुठल्या वारी?"

"शुक्रवारी."

त्यांनी चमचा डब्यात ठेवला. "भिवंडीत शुक्रवारी घर बघायचं न्हाय."

मी भिवंडीतच वाढलेली. शुक्रवारी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद असतात, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण घर आवडलं की माणसाला स्वतःला माहीत असलेलंही आठवत नाही. मला एकदम त्या शांततेचं कारण कळलं.

कॉलेज सुटल्यावर ताई मला तिथे घेऊन गेल्या. एजंटला न सांगता. गल्लीत शिरतानाच कळलं. खटक-खटक-खटक, जमिनीतून पायात चढणारा आवाज. आमच्या त्या मोठ्या खिडकीच्या बरोबर मागे लांबलचक शेड होती आणि तिच्यात लूम चालू होते. ताईंनी शेजारच्या फ्लॅटची बेल वाजवली. दार उघडलं एका दाढीवाल्या वयस्कर चाचांनी. ताईंनी त्यांना सरळ सांगितलं, "चाचा, ये लड़की बाजूवाला घर ले रही है। दो मिनट आपकी खिड़की में खड़े रहें?" चाचांनी आत घेतलं, पाणी दिलं. ताईंनी पाण्याचा पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि मला म्हणाल्या, "बघ." पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती, थांबायचं नाव नाही.

चाचा समोर उभे राहून ओरडल्यासारखं बोलत होते. ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण हसून म्हणाले, "हम लोग अब ऐसे ही बोलते हैं। और सच बताऊँ? शुक्रवार को मुझे नींद नहीं आती।"

खाली उतरल्यावर मी लूमवाल्यांना काहीतरी वाकडं बोलले. ताईंनी मला थांबवलं. "त्यांना नावं ठेवू नकोस. लूम चालू आहे म्हणून या गावाची चूल चालू आहे. घर वाईट नाही. चाचांना ते चांगलंच आहे. प्रश्न एवढाच, तुझ्या सासूबाईंना दुपारी झोप लागेल का?" सासूबाईंना पंख्याच्या आवाजानेही झोप लागत नसे. तिथेच उभ्याने ताईंनी माझ्या फोनवरून एजंटला फोन लावला. "घर शुक्रवारी दाखवलंत ते बरं केलंत. आता शनिवार ते गुरुवार राहायचं कुठे, तेवढं सांगा."

त्यानंतर त्यांनी आम्हा दोघांना ताब्यातच घेतलं. घरं बघणं बंद. आधी आमची उलटतपासणी. सकाळी अंघोळीला पहिलं कोण जातं? ओले कपडे कुठे वाळत घालता? सासूबाई जिना चढताना कठड्याला धरतात का? नितीनची आणि तुझी भांडणं कुठल्या खोलीत होतात? मी म्हटलं, "ताई, घर घ्यायचंय, लग्न नाही." त्या म्हणाल्या, "लग्नाला घटस्फोट तरी असतो."

आणि हप्त्याची तालीम. हा त्यांचा शब्द. कर्जाचा जो हप्ता पुढे बसणार तेवढी रक्कम आतापासूनच दर महिन्याला पगार झाला की बाजूला काढायची आणि उरलेल्यात जगून बघायचं. "पोहायला शिकताना आधी उथळ पाण्यात हात-पाय मारतो ना? तसं." पहिल्या महिन्यात आम्ही वीस तारखेलाच गटांगळ्या खाल्ल्या. नितीनने शिकवणीला रिक्षाऐवजी चालत जायला सुरुवात केली, मी ऑनलाइन साड्या बघणं सोडलं. दिवाळीच्या सुमारास एक दिवस लक्षात आलं की महिना संपला आणि आम्हाला काही कमी पडलं नाही. मी ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की चहा सांडला. "आता तू घर घ्यायला तयार हायस. आता बघू."

मग वळ गावाच्या बाजूची ती नवी इमारत. गोदामांच्या पलीकडे, चकचकीत ऑफिस, थंडगार एसी आणि टाय लावलेला एक गोड बोलणारा मुलगा. त्याने आम्हाला सजवलेला नमुना फ्लॅट दाखवला. छतात लपवलेले दिवे, भिंतीवर घोड्याचं चित्र, बेडरूममध्ये फुलाफुलांची चादर घातलेला पलंग. नितीन त्या छतातल्या दिव्यांवर भाळलाच. ताई पलंगाभोवती फिरल्या. मग म्हणाल्या, "नितीन, जरा झोप बघू याच्यावर."

"इथे?"

"बूट काढ आणि झोप."

टायवाला मुलगा म्हणाला, "मॅडम, तो फक्त डिस्प्लेसाठी..." तोवर नितीन आडवा झाला होता. नितीन काही ताडमाड नाही. तरीही त्याचे पाय पोटऱ्यांपासून पुढे पलंगाबाहेर लोंबत होते. खोली मोठी दिसावी म्हणून त्यांनी पलंगच छोटा करून घेतला होता. नितीन तसाच पडून छतातल्या दिव्यांकडे बघत राहिला. ते दिवे त्याला पुन्हा कधी आवडले नाहीत.

बाहेर टेबलाशी आल्यावर ताईंनी विचारलं, "ओसी आली का?" ओसी म्हणजे इमारत राहायला योग्य आहे असा पालिकेचा किंवा सरकारी दाखला, तो असल्याशिवाय घर आपलं असूनही आपलं नसतं. मुलगा हसून म्हणाला, "प्रोसेसमध्ये आहे, मॅडम."

"आणि इमारतीची परवानगी किती मजल्यांची आहे?"

"तेही प्रोसेसमध्ये आहे."

ताईंनी पाणी प्यायलं, ग्लास खाली ठेवला. "बाळा, तू मुलगी बघायला गेलास आणि ते म्हणाले, मुलगी प्रोसेसमध्ये आहे, तर तू काय करशील?"

त्या मुलाने आधी दोन्ही बाजूंना बघितलं, मग हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही नका घेऊ इथे." ताईंनी त्याच्या गालाला हात लावला आणि त्याला दुसरी नोकरी बघायला सांगितलं. पुढे तो खरंच दुसरीकडे लागला आणि अधूनमधून त्यांना फोन करून चांगल्या घरांची खबर द्यायचा.

येताना रिक्षात मी म्हटलं, "ताई, तुम्हाला हे सगळं शिकवलं कुणी?"

त्यांनी सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, डबा खाताना, मेथीची भाजी माझ्या डब्यात वाढता वाढता. लग्नानंतर त्यांनी आणि सुधाकरभाऊंनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, गावाच्या कडेला एक घर घेतलं होतं. भाऊंच्या ओळखीचा माणूस होता. होतं नव्हतं ते त्यात घातलं, ताईंच्या बांगड्याही. वर्ष-दीड वर्ष राहिले. मग नोटीस आली की सगळी इमारतच बेकायदा आहे. नंतर एका सकाळी पोलीस आणि ते मोठं पिवळं मशीन आलं. सामान काढायला दुपारपर्यंत वेळ दिला होता.

"मी काय केलं माहितीय? भांडी, गाद्या सगळं हे काढत होते. मी पाना घेतला आणि मोरीतला नळ काढत बसले. घरात शिरलो तेव्हा नळसुद्धा नव्हता गं, तो आम्ही आणून बसवला होता. म्हटलं, भिंती तुमच्या असतील, नळ माझा हाय." हे सांगताना त्या हसत होत्या. मला हसू येईना.

"तुम्ही त्या माणसाला कागद विचारले नव्हते?"

"विचारले होते की. एकदा विचारले. तो म्हणाला, वहिनी, काळजी करू नका. आणि मी काळजी करायची बंद केली." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "म्हणून मी आता दोनदा विचारते. दुसऱ्यांदा विचारलं की माणूस खरं बोलतो."

आम्हाला घर मिळालं ते पुढच्या पावसाळ्यात. जुनी पण भक्कम इमारत, पहिला मजला, कागद सगळे धड. ताईंनी ते भर पावसात बघायला लावलं, भिंतींना गाल लावून ओल बघितली, ओट्याशी उभ्या राहून हवेत पोळ्या लाटल्या आणि कोपर कुठेही लागला नाही. सासूबाई अजूनही तिथे दुपारी दोन ते चार शांत झोपतात. सह्या करायच्या दिवशी माझा हात थरथरत नव्हता, एवढंच सांगते. माझ्या ओळखीत पहिलं घर घेताना हात न थरथरलेली माणसं फार थोडी आहेत आणि त्यातली बहुतेक प्रमिलाताईंनी तयार केलेली आहेत.

एवढ्या लोकांना घरात बसवणाऱ्या ताई स्वतः मात्र भाड्याने राहत होत्या. नारपोलीतच, दोन खोल्या, मागे लूम. मुलगा नोकरीला पुण्यात. आम्ही कुणी विषय काढला की सुधाकरभाऊच बोलत. ते वळच्या एका गोदामात सुपरवायझर होते, शांत, मिश्कील माणूस. "ही लोकांची घरं पास करते. आमच्यावर वेळ आली की पेपर फार कडक तपासते." ताई म्हणत, "बघू हो. घाई विकणाऱ्याला असते."

मग घाई त्यांच्यावरच आली. घरमालकाच्या मुलाला त्या खोल्यांत स्वतःचा धंदा सुरू करायचा होता. माणूस सज्जन, त्याने भरपूर मुदत दिली, पण जायचं तर होतंच. भाऊंची नोकरी संपत आलेली. कर्ज मिळायचं तर आत्ताच मिळणार होतं. आम्ही सगळ्यांनी कंबर कसली. रविवारी मी आणि नितीन त्यांच्याबरोबर जायला लागलो. आणि मला वेगळ्याच प्रमिलाताई दिसायला लागल्या. एका घराला त्या म्हणाल्या, जिना अंधारा आहे. जिना अंधारा नव्हता. दुसऱ्याला म्हणाल्या, समोरचं झाड खिडकीवर येईल. ते झाड पपईचं होतं. भाऊ माझ्याकडे बघून भुवया उडवत. मी मनात म्हणे, जुन्या घराची भीती आहे, जाईल हळूहळू.

पण तेवढंच नव्हतं.

एका सोसायटीतलं घर मात्र त्यांना मनापासून आवडलं. दुसरा मजला, पूर्वेचं ऊन, ओटा ऐसपैस. पोळ्या लाटून झाल्या, कागद बघून झाले, दोनदा विचारून झालं. ताईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच ते बघितलं, जे त्या इतकी वर्षं आमच्या चेहऱ्यांवर बघत आल्या होत्या. सोसायटीच्या अध्यक्षांनी आम्हाला घरी बोलावलं, चहा दिला. गप्पा चांगल्या रंगल्या. मग ते म्हणाले, "गायकवाड म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?"

"इथलेच. तालुक्यातले."

"हो, पण म्हणजे... कोणते गायकवाड?"

भाऊ कपाकडे बघत राहिले. ताईंनी कप बशीत ठेवला आणि अगदी छापील मराठीत म्हणाल्या, "घर घेणारे."

अध्यक्ष हसले, आम्हीही हसलो. दोन दिवसांनी फोनवर निरोप आला की मालकाचा विकायचा विचार बदलला आहे. महिन्याभराने ते घर विकलं गेल्याचं त्या टायवाल्या मुलानेच सांगितलं.

त्या दिवशी ऑफिसात मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले. आम्ही घरं बघत होतो तेव्हा मलाही लोकांनी आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं होतं आणि प्रत्येक वेळी पुढचा प्रश्न पार्किंगचा आला होता. 'कोणत्या' असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं नाही हेही माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं.

"ताई, हे तुमच्याबाबत नेहमी होतं?"

"नेहमी न्हाय. कधी कधी. पण कधी होईल ते आधी कळत न्हाय ना." त्या हॉलतिकिटांवर शिक्के मारत होत्या, हात थांबला नव्हता. "ओसी नसली तर मी विचारून काढीन. भिंतीत ओल असली तर गाल लावून ओळखीन. हे कुठल्या कागदावर नसतं, मेघना." मग पुढचा गठ्ठा ओढून म्हणाल्या, "दुसऱ्यांची घरं बघायला मला म्हणूनच बरं वाटायचं बहुतेक. तिथे सगळे प्रश्न मीच विचारायची."

त्यानंतर काही रविवार त्या कुठेच गेल्या नाहीत. भाऊंनी एकट्याने एक घर बघून ठेवलं. रस्त्यापासून आत, चार मजली इमारत, सगळ्या तऱ्हेची कुटुंबं, लूम लांब. त्यांनी कागदांच्या प्रती आणून ताईंच्या पुढ्यात ठेवल्या. ताईंनी त्या बघितल्या, पालिकेत जाऊन खात्री केली, दोनदा केली. सगळं ठीक होतं. घर बघायला मात्र येईनात. शेवटी भाऊ मला म्हणाले, "तू ये गं बरोबर. तुझ्यासमोर तिला नाही म्हणायला लाज वाटेल." आम्ही त्यांना एका गुरुवारी संध्याकाळी जवळजवळ ओढतच नेलं.

ओटा बघून झाला. नळ सोडून झाले. ताई कशालाच काही म्हणेनात. मग नेहमीप्रमाणे शेजारची बेल वाजवली. दार उघडलं जुबेदाखालांनी, म्हणजे जुबेदामावशींनी. सत्तरीच्या, हडकुळ्या, डोक्यावर पांढरी ओढणी, जाड भिंगाचा चष्मा. आम्हाला आत बसवलं. ताईंनी पाण्याचं विचारलं, गच्ची गळते का विचारलं, लिफ्ट किती वेळा बंद पडते ते विचारलं. खाला एकेकाचं सावकाश उत्तर देत होत्या. ताईंचे प्रश्न संपले तेव्हा त्या म्हणाल्या, "आपने सब पूछ लिया, बहन? अब हम पूछें?"

ताई सावरून बसल्या. मला त्यांच्या मानेची शीर दिसली.

"पूछिए."

"दीवार एक ही है। मियाँ खर्राटे लेते हैं?"

ताईंनी भाऊंकडे बघितलं. भाऊ म्हणाले, "लेते हैं। मीडियम।"

"चलेगा। पानी भरते वक़्त नल खुला छोड़के फ़ोन पे तो नहीं लगते?"

"नहीं," ताई म्हणाल्या. "मैं नल के मामले में बहुत सख़्त हूँ।"

"सूखी मछली तलते हो?"

ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "रविवार को। जवला, बोंबील।"

"तो दरवाज़ा खुला रखके तलना। हमको भी पता चले।" खालांनी चष्मा पुसला. "गाँव जाओगे तो चाबी किसके पास रखोगे?"

"अभी सोचा नहीं।"

"सोचना क्या है। मेरे पास रखना। तीस साल से इस माले की चाबियाँ मेरे पास ही हैं।"

मग खालांचे प्रश्न संपले. ताई वाट बघत होत्या. मला माहीत होतं, कशाची. शेवटी त्यांनीच विचारलं, "बस? और कुछ नहीं पूछना?"

खालांनी विचार केला. "हाँ, एक बात तो रह गई।"

ताईंचा पदराशी चाळा करणारा हात थांबला. भाऊ जमिनीकडे बघू लागले.

"चाय में शक्कर कितनी?" खाला म्हणाल्या. "कबसे बैठे हो, मैंने पूछा ही नहीं। शुगर की बीमारी तो नहीं है न किसी को?"

ताई हसायला लागल्या. आधी नुसत्या खांद्यांनी, मग आवाज फुटून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खालांना काही कळेना, त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शक्कर में हँसने का क्या है?" भाऊंनी खिशातला रुमाल काढून ताईंना दिला आणि मग त्यांना स्वतःलाच तो लागला. घरं बघताना एरवी टपरीवरचाच चहा घेणाऱ्या प्रमिलाताईंनी त्या दिवशी दोन कप घेतले, दोन्ही भरपूर साखरेचे.

जिना उतरताना त्या पुढे होत्या. मध्येच थांबून मागे न बघता म्हणाल्या, "अहो, घ्यायचं."

भाऊ म्हणाले, "जिन्यात अंधार आहे जरा."

"दिवा लावू," ताई म्हणाल्या. "घर चांगलं हाय."

नव्या घरात ताईंचा पहिला दिवस होता तेव्हा भन्तेजी आले, वंदना झाली, खीर झाली. सगळं ऑफिस लोटलं होतं. ज्यांना ज्यांना ताईंनी घरं बघून दिली होती ते सगळे या घराचे नळ सोडून बघत होते, भिंती ठोकून बघत होते; कुणीतरी ओट्याशी उभं राहून हवेत पोळ्याही लाटल्या. खाला एका खुर्चीत बसून प्रत्येकाला विचारत होत्या, "आप किधर रहते हो? उधर पानी आता है?"

ताईंना खऱ्या अर्थाने निवांत बघितलं ते त्यानंतर काही महिन्यांनी. त्या तोवर निवृत्त झाल्या होत्या. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका प्राध्यापिकेला घर घ्यायचं होतं आणि मी ताईंना बोलवायला म्हणून रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. मी आत पाऊल टाकणार, एवढ्यात भाऊंनी ओठांवर बोट ठेवलं.

ताई हॉलमध्ये पंख्याखाली नुसत्या फरशीवर झोपल्या होत्या. अंबाडा सुटलेला, तोंड किंचित उघडं. इतक्या वर्षांत रविवारच्या दुपारी झोपलेल्या प्रमिलाताई मी कधी बघितल्या नव्हत्या. त्या नेहमी कुणाच्या तरी गच्चीवर, कुणाच्या तरी जिन्यात असायच्या.

"उठवू?" भाऊंनी खुणेने विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

माझ्या मागून जुबेदाखाला झाकलेला वाडगा घेऊन आल्या. फरशीकडे बघितलं, दारातच चपला काढल्या आणि भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत ओट्यापर्यंत गेल्या. वाडगा ठेवताना आवाज होऊ नये म्हणून त्यांनी खाली ओढणीचं टोक धरलं. तशाच परत आल्या. मग आम्ही तिघं बाहेर जिन्यात उभं राहून कुजबुजत बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही. आत ताईंनी कूस बदलली, तसे आम्ही सगळे एकदम गप्प झालो. त्यांना पुन्हा झोप लागेपर्यंत कुणीही हललं नाही.